कॉब घट्ट, फुल ढगळ: मधल्या मापाच्या घोडीला सामान कसं जमवावं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. नाशिकजवळ शेतावर काठेवाडी घोडी आहे. वय सात, उंची 14.1 हँड, म्हणजे 57 इंच. रोज सकाळी बांधाबांधाने नि कच्च्या रस्त्याने रपेट, अधूनमधून लांबचा पल्ला. उड्याबिड्या नाहीत.

घोडं अडलंय ते सामानावर. कॉब (म्हणजे मध्यम) मापाच्या लगामाची कपाळपट्टी कानांच्या बुडाशी रुतते आणि ती सारखी डोकं झटकते. फुल (त्याहून मोठ्या) मापाचा चढवला तर नाकपट्टी शेवटच्या भोकातही खाली घसरते. खोगिराचीही तीच गत. मला साडेसतरा इंची सीट लागते, तिची पाठ आखूड. मीडियम ट्री (खोगिराचा आतला सांगाडा) पुढून खाली बसतं, नॅरो खांद्याला चावतं. दुकानदार म्हणतो, खाली जाड पॅड टाका, बसेल. मन घेत नाही.

ऑर्डर देऊन करवून घ्यावं, की रेडीमेडमध्येच काही जमेल? बजेट बेताचं आहे. सगळं एकदम घेणं शक्य नाही, तेव्हा आधी काय घ्यावं तेही सांगा.

तिरपी_टाप
लगामापासून सुरुवात करते, कारण तो सगळ्यात सोपा.

काठेवाडीचं कपाळ रुंद, मुस्कट आखूड आणि निमुळतं, कान आत वळलेले आणि सतत फिरणारे. बाजारातली कॉब-फुल ही मापं विलायती डोक्यांवर बेतलेली. तुमच्या घोडीचं डोकं वर फुल आहे आणि खाली कॉब. त्यामुळे अख्खा सेट घेऊच नका. डोक्यावरचा पट्टा आणि कपाळपट्टी फुल घ्या, गालपट्ट्या आणि नाकपट्टी कॉब. बरेच विक्रेते हे भाग सुटे देतात. तुमच्याकडे दोन्ही सेट घरात असतील तर आज संध्याकाळीच अदलाबदल करून बघा, कदाचित एक पैसाही लागणार नाही.

कपाळपट्टी आखूड असली की ती डोक्यावरचा पट्टा पुढे ओढते आणि तो कानांच्या मागच्या कडेला घासतो. डोकं झटकण्याचं कारण बहुतेक हेच. पट्टी बसवल्यावर कपाळ आणि चामडं यांच्यामध्ये एक बोट सहज फिरलं पाहिजे. नाकपट्टीखाली, नाकाच्या हाडावर, दोन बोटं. गळपट्ट्यात चार बोटं उभी मावली पाहिजेत. बकल मधल्या भोकात आलं तर उत्तम, म्हणजे दोन्हीकडे वाव राहतो.

भोकं पाडायची वेळ आली तर खिळा-हातोडा नको. गोल पंच वापरा. खिळ्याने पाडलेलं भोक फाटत जातं आणि नेमकं रस्त्यावर तुटतं.

शेंडीवाला
एवढं मोजमाप? आमच्या आजोबांच्या घोड्यावर घरची गादी नि एक तंग (पोटाखालचा पट्टा), झालं. सारंगखेड्याला जा, दत्तजयंतीच्या यात्रेत सामानाची दुकानंच दुकानं असतात, घोडी सोबत नेलीत तर अंगावर चढवून बघता येईल.

तिरपी_टाप
@शेंडीवाला, यात्रेची कल्पना चांगली आहे, अंगावर चढवून घेण्यासारखं दुसरं काही नाही. फक्त तिथे मिळणाऱ्या सेटसोबत काटेरी दांडी (लगामाचा तोंडात जाणारा भाग) आली तर तेवढी परत करा. काटे असलेली दांडी वापरायला जनावरांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या 1965 च्या नियमांनीच बंदी आहे, आणि जिभेच्या जखमा बाहेरून दिसतही नाहीत.

पागेवाला
आमच्याकडे रायडिंग शिकवतात, त्यामुळे दहा तऱ्हेच्या पाठी रोज नजरेखाली असतात. खोगिराबद्दल सांगतो, जरा लांबेल.

पहिलं म्हणजे दुकानदाराचं पॅड विसरा. नॅरो खोगिराखाली जाड पॅड म्हणजे तंग ब्लाउजच्या आतून स्वेटर घालणं. ट्री आणखी आवळतं. पॅडने मदत होते ती थोड्याशा रुंद खोगिराला. तेव्हा दोन मापांच्या मध्ये अडकलात तर वरचं माप घ्या आणि फरक खालून भरा, तोही मोजून. पातळ हाफ पॅड, ज्यात पुढच्या खिशात फेल्टच्या पट्ट्या सरकवता येतात, असा मिळतो. उगाच खोगीरभरती करू नका.

दुसरं, घोडीची पाठ कागदावर उतरवा. ड्रॉइंगच्या सामानाच्या दुकानात वाकवता येणारी प्लास्टिकची पट्टी मिळते, फ्लेक्सिबल कर्व्ह म्हणतात. नसेल तर जाड तार चालेल. घोडी सपाट फरशीवर, चारी पाय सरळ, मान समोर. पहिला आकार खांद्याच्या पात्यामागे दोन बोटं सोडून. दुसरा पाठीच्या सगळ्यात खोल जागी. तिसरा शेवटच्या बरगडीपाशी. तीनही मोठ्या कागदावर गिरवा, डावी-उजवी बाजू लिहा, तारीख टाका. दोन्ही बाजू सारख्या निघतीलच असं नाही, त्याने घाबरू नका. पुढचा आकार पुठ्ठ्यावर कापून खोगिराच्या तोंडात धरलात की ट्री रुंद की अरुंद हे दुकानातच कळतं. घोडी न्यायला नको.

तिसरं, लांबी. शेवटची बरगडी हाताने चाचपा आणि तिच्या रेषेने वर पाठीपर्यंत या. खोगिराचं पॅनल (पाठीवर टेकणारी खालची गादी) त्या रेषेच्या मागे जाता कामा नये, कारण त्यापुढे वजन पेलायला बरगड्यांचा आधार नाही. तुमची खरी अडचण हीच वाटते. सीट साडेसतराची हवी आणि पाठ तेवढं देत नाही. पण सीटचं माप आणि पॅनलची लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागे वर उचललेलं, आखूड पॅनल असलेली खोगिरं असतात. सीट साडेसतराची आणि खाली टेकणारा भाग सतराच्या खोगिराएवढा, असंही सापडतं. लेबल वाचू नका, टेप लावा.

शेवटी, बसून बघा. स्वार वर असताना विदर्सच्या (खांद्यांमधल्या उंचवट्याच्या) वर दोन-तीन बोटं मोकळी हवीत. दोन पॅनलमधली खाच पुढून मागपर्यंत निदान तीन बोटं रुंद, म्हणजे कण्याला काही टेकत नाही. मग खोगीर तंग न आवळता ठेवा आणि हात पुढून मागे सरकवत न्या. पुढे-मागे टेकतंय आणि मध्ये पोकळ, असं असेल तर ते तुमच्या घोडीचं नाही, किती का स्वस्त मिळेना.

रपेट झाल्यावर खोगीर काढा आणि घाम बघा. सगळीकडे सारखा ओला हवा. ओल्या पाठीत एखादा कोरडा डाग राहिला तर तिथे दाब पडतोय. तिथेच पुढे पांढरे केस उगवतात आणि ते मग जात नाहीत.

पाटलीण_परदेशी
इंग्लंडमधून. इथे खोगीर बसवणारी माणसं तबेल्यात येतात, गाडीत पाच-सहा खोगिरं घेऊन. वॉल्सॉल हे गाव तर या धंद्यावरच वाढलं, तिथल्या फुटबॉल क्लबलाही सॅडलर्स म्हणतात. पण तुम्हाला सांगायचं ते वेगळंच. लोकरीचं भरण असलेलं जुनं खोगीर मिळालं तर बघा. लोकर काढता-घालता येते, एका बाजूला कमी-जास्त करता येते. फोमचं पॅनल जसं आहे तसंच राहतं. घेण्याआधी ट्री तुटलेलं नाही ना ते तपासा: पुढचं टोक पोटाशी धरून मागचं टोक आपल्याकडे ओढा. मधोमध घडी पडली किंवा कुरकुरलं तर हात जोडा आणि निघा.

मोतद्दार_हौशी
ट्रीलेस घ्या ना, मापाची भानगडच नाही.

पागेवाला
भानगड जात नाही, फक्त दिसेनाशी होते. रिकिबींचा सगळा भार जिथे पट्टा अडकवलाय तिथेच येतो. हलका स्वार, छोटी रपेट, खाली कण्यासाठी खाच असलेला चांगला पॅड, एवढं असेल तर चालेल. लांब पल्ल्याला मी घालणार नाही. त्यापेक्षा गलेट बदलता येणारं सिंथेटिक खोगीर बघा, विंटेक ब्रँडची तशी येतात. पुढची लोखंडी कमान स्क्रू काढून दुसऱ्या रुंदीची बसवता येते. पावसाळ्यानंतर घोडी सुटली की रुंद, कामात आली की अरुंद. शिवाय नाशिकच्या पावसात चामड्याला जी बुरशी धरते ती नाही.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. काल दोन्ही लगामांची अदलाबदल केली. तिरपी_टाप ताई, फुलची कपाळपट्टी चढवल्यावर तिने कान पुढे केले आणि उभी राहिली, झटकणं नाही. नाकपट्टीला मात्र अजून एक भोक लागेल. पाठही कागदावर उतरवली. पुढची कमान मीडियम आणि नॅरो यांच्या मधोमध येते, डावा खांदा उजव्यापेक्षा भरीव.

आता दोनच प्रश्न. तोंडाची रुंदी ओठापासून ओठापर्यंत साडेचार इंच भरली, तर दांडी कोणत्या मापाची घ्यावी? आणि सध्याच्या खोगिरावर पट्ट्यांच्या मधल्या भोकापासून पोटाखालून पलीकडच्या मधल्या भोकापर्यंत 45 इंच. तंग 44 मिळतो किंवा 46. इथेही मध्येच!

तिरपी_टाप
तंगाचं मधलं माप ही अडचणच नाही. एका इंचाचा फरक दोन्ही बाजूंना वाटला की अर्धा-अर्धा इंच, म्हणजे एका भोकाच्या आतबाहेर. 44 घ्या, चामडं थोडं ताणतंच, आणि घोडी कामात आली की पोटही उतरतं. फक्त दोन्हीकडची बकलं एकाच उंचीवर लावा आणि ती कोपराच्या मागे येत नाहीत ना ते बघा, तिथे आली की कातडं सोलवटतं.

लगामाच्या दांडीचं म्हणाल तर कडी कोणती यावर आहे. एगबट असेल, म्हणजे कडी दांडीत घट्ट बसवलेली, तर पावणेपाच. सैल फिरणारी कडी असेल तर पाच, नाहीतर ओठ कडीत चिमटतो. दांडी फार जाड नको, मुस्कट आखूड असलं की तोंडात जागाही कमी.

पागेवाला
डावा खांदा भरीव असेल तर ट्री त्या बाजूला बसेल असं घ्या आणि उजवीकडे पुढच्या खिशात एक पातळ फेल्ट घाला. भरीव बाजूला काही घालू नका.

क्रम विचारला होतात. लगाम जमलाच आहे. आता दांडी आणि तंग घ्या, दोन्ही स्वस्त. खोगिरासाठी पैसे साठवा, तोवर नॅरो वापरू नका. मीडियमखाली हाफ पॅड घालून छोट्याच रपेटी करा आणि दर वेळी घाम बघा. ऑर्डरच द्यायची ठरली तर कानपूरचे कारागीर मापावर करून देतात. घोडीची तीनही कागदं, तुमचं वजन आणि बसलेला एक बाजूने काढलेला फोटो पाठवा. सीटच्या मापासोबत पॅनलची कमाल लांबी इंचात लिहा, नाहीतर साडेसतराला जेवढं असतं तेवढंच पॅनल करून पाठवतील.

गोदाकाठ
पॅनलची लांबी कुठून कुठे मोजायची? खांद्याच्या पात्यापासून?

पागेवाला
पात्यामागे दोन बोटं सोडून, जिथे पहिला आकार घेतलात तिथून शेवटच्या बरगडीच्या रेषेपर्यंत. पाठीच्या वळणाला टेप लावून, हवेत सरळ धरून नाही. येईल त्यातून एक इंच वजा करा आणि तो आकडा कळवा.