अनुभव धागा: मुंबई–अमेरिका, अंतर किती आणि वेळ किती?

परवा आईने फोनवर विचारलं, "यायला सोळा तास आणि परतीला पंधराच? रस्ता तोच ना?" मुंबई–न्यूअर्क (न्यूयॉर्कशेजारचा विमानतळ) सरळ अंतर साधारण 12,500 किमी. जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. अमेरिकेला येताना तो अंगावर, भारतात जाताना पाठीशी. एवढं सांगताना माझीच दमछाक झाली. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघा, दोरा सरळ पश्चिमेला न जाता उत्तर युरोपवर चढतो आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून जातो! तुमचेही अनुभव लिहा.

सॅन होजे
ऑक्टोबर 2016 पासून एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून जायला लागलं. मी 2017 मध्ये बसलो, तर पडद्यावर विमान जपानकडे निघालेलं! शेजारचे काका घाबरले, चुकीच्या विमानात बसलो की काय. हा मार्ग सुमारे 15,300 किमी, म्हणजे जुन्यापेक्षा 1,400 किमी लांब. तरीही तेव्हा साडेचौदा तासांच्या आसपास पोचायचो, जवळपास दोन तास आधी. सगळी वाऱ्याची कृपा.

एडिसन, न्यू जर्सी (आई सांगलीची)
ते किलोमीटर राहू द्या हो. आमच्या आईचा प्रवास सांगलीत सकाळी दहाला सुरू झाला. गाडीने मुंबई, मग विमानतळावर बसून राहणं, रात्री एकचं विमान, सोळा तास, इमिग्रेशनची रांग, तिथून घर. एकूण चौतीस तास! विमानात तिने बूट काढलेच नाहीत, पाय सुजले तर परत चढायचे नाहीत म्हणून. व्हीलचेअर सांगितली होती, तीही नको म्हणाली, "लोक काय म्हणतील". दारात पाऊल टाकल्यावर पहिलं वाक्य: "दशम्या उरल्यात, खराब व्हायच्या आत खा." पुढच्या वेळी दुबईला एक रात्र मुक्काम. नॉनस्टॉपचा हट्ट आपला असतो, सत्तरीतल्या गुडघ्यांचा नसतो.

शिकागो
2019 मध्ये फेब्रुवारीअखेर पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली, ती जुलैत उघडली. मी मे महिन्यात दिल्लीहून निघालो. विमान आधी खाली अरबी समुद्राकडे गेलं, मग पश्चिमेला वळलं. मध्ये युरोपात इंधनासाठी उतरलं, आम्ही आतच बसून. तिकिटावर नॉनस्टॉप लिहिलेलं होतं, आणि एजंट म्हणतो, "तुम्ही उतरलात कुठे?"

फ्रीमाँट
माझा अनुभव छोटा. सॅन फ्रान्सिस्कोहून हाँगकाँगमार्गे मुंबईला निघाले, 9 तारखेला रात्री साडेअकराला. हाँगकाँगला उतरले तेव्हा 11 ची पहाट. मधे वाररेषा, जिथे तारीख बदलते ती, ओलांडली ना! माझा वाढदिवस 10 ला. सासूबाई अजून म्हणतात, त्या वर्षी तू मोठी झालीच नाहीस.