मदत हवी आहे: १९७८ च्या पद्मिनीत नवं आणि जुनं रेक्झिन एका रंगाचं दिसत नाही

नमस्कार मंडळी,

प्रीमियर पद्मिनी, १९७८ चं मॉडेल, बाहेरून पांढरी. वडिलांनी नंबर लावून, काही वर्षं वाट पाहून घेतलेली. ते गेल्यावर गाडी सांगलीत घरामागच्या शेडमध्ये उभीच होती. गेल्या दीड वर्षात इंजिन, ब्रेक, पत्र्याचं काम आणि रंग एवढं उरकलं. आता आतलं काम काढलंय आणि तिथंच तीन महिने अडकलोय.

आतलं रेक्झिन कंपनीचंच आहे. पुढची सलग सीट उंदरांनी कुरतडली, ती नव्यानं करावीच लागेल. ड्रायव्हरच्या दाराचं पॅडही उन्हानं तडकलंय. मागची सीट आणि बाकीची तीन पॅडं मात्र धडधाकट आहेत, आणि ती मला काढायची नाहीत. मागच्या सीटच्या कोपऱ्यात बसून मी शाळेत गेलोय. म्हणून सगळंच नवं करून टाका हा सल्ला कृपया देऊ नका. तसं करायचं असतं तर रंग जुळवायचा प्रश्नच आला नसता.

अडचण अशी, की गाडीत आज एकाच रंगाचे तीन रंग झालेत. मागची सीट सावलीत राहिली, ती आमसुली दिसते. दारांच्या पॅडांचा वरचा भाग, जिथं काचेतून ऊन येतं, तो विटकरीकडे गेलाय. तिसरा रंग दिसला तो काच खाली-वर करायचं हँडल काढल्यावर. त्याच्या मागच्या चकतीखाली जुन्या रुपयाएवढा गोल अगदी ताजा राहिलाय, अंजिराच्या सालीसारखा, किंचित जांभळट. पॅड सोडवलं तर मागं हार्डबोर्डवर दुमडलेली दोन बोटं रुंदीची पट्टीही तशीच निघाली. आईला दाखवली. ती लगेच म्हणाली, "हाच रंग होता, माझ्या इरकलीच्या पदरासारखा."

आतापर्यंत काय केलं ते सांगतो, म्हणजे तेच पुन्हा सुचवायला नको.

आधी फोनवर फोटो काढून दोन-तीन दुकानांना पाठवले. प्रत्येकानं वेगळाच रंग दाखवला. मग पट्टीचा तुकडा घेऊन स्वतः गेलो. एका दुकानात ट्यूबलाइटखाली एक रेक्झिन तंतोतंत जुळलं, कडेला कड लावली तरी फरक कळेना. अर्धा मीटर घेतलं. बाहेर उन्हात धरलं तर नवं सरळ चॉकलेटी, जुनं तसंच जांभळट. घरी पिवळ्या बल्बखाली पाहिलं तर नवं उलट जास्त लाल. यात दुकानदाराचा काही दोष नाही, मीसुद्धा तिथं उभा राहून हो म्हटलं होतं.

मग रेक्झिनवर मारायचा स्प्रे आणला आणि जुन्या पॅडच्या एका तुकड्यावर मारला. रंग छान बसला. पंधरा दिवसांनी तुकडा दुमडून पाहिला तर घडीवर पापुद्रा सुटला.

कुर्ल्यालाही जाऊन आलो. जिथं या गाड्या तयार झाल्या तिथंच त्यांचं काही मिळेल अशी आशा होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी बंद झाल्या, तेव्हा भंगारात माल असेल असं वाटलं. दारांची पॅडं मिळाली, पण टॅक्सीच्या आतलं काम आयुष्यात चार-चार वेळा बदललेलं असतं. त्यावर कंपनीचं रेक्झिन शोधून सापडलं नाही. एका कारखान्याला फोन केला तर ते रंग बनवून देतात, पण ऑर्डर शेकडो मीटरची हवी. मला कुशनवाल्यानं सहा-सात मीटर सांगितलंय.

माझा खरा प्रश्न असा: नवं रेक्झिन कशाला जुळवायचं? चकतीखालच्या मूळ रंगाला, की मागच्या सीटच्या आजच्या रंगाला? मूळ रंगाला जुळवलं तर ते खरं, पण मग जुनी सीट मळकी दिसेल. आजच्या रंगाला जुळवलं तर गाडी एकसारखी दिसेल, पण आईला आठवतो तो रंग त्यात राहणार नाही. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

तुमच्या दुकानातल्या अनुभवाचं कारण सांगतो, मी रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होतो. दोन मालांत वेगवेगळी रंगद्रव्यं असली तरी एका उजेडात ते डोळ्याला सारखे दिसू शकतात. उजेड बदलला की फरक उघडा पडतो. आम्ही कुठलाही नमुना किमान दोन उजेडांत पाहिल्याशिवाय पास करत नसू, एक दिवसासारखा ६५०० केल्विनचा आणि एक पिवळ्या बल्बचा. तुम्हाला यंत्राची गरज नाही. सकाळी दहाच्या सुमारास उत्तरेकडच्या सावलीत पाहा, मग भर उन्हात आणि रात्री घरच्या बल्बखाली. तिन्हीकडे थोडा-थोडा चुकणारा तुकडा एका जागी तंतोतंत जुळणाऱ्यापेक्षा बरा. तुकडा निदान वहीच्या पानाएवढा मागा, बोटाएवढ्या नमुन्यावरून काही ठरवू नका. फोनचा कॅमेरा उजेड बघून रंग आपल्या मनानं बदलतो, त्यामुळे तो मार्ग सोडाच.

प्रतिसाद २

दादा, स्प्रे सुटला तो बहुतेक पॉलिशमुळे. इतक्या वर्षांत त्या पॅडवर कुणी ना कुणी चकाकीचं सिलिकॉन पॉलिश मारलेलं असणारच, त्यावर काही धरत नाही. आधी साबणाच्या पाण्यानं मऊ ब्रशनं धुवा, वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोनदा पुसा, दर वेळी कापड नवं. त्यानंतर विनाइलसाठीचाच, म्हणजे रेक्झिनवर चालणारा, लवचीक रंग, अगदी पातळ हात, मध्ये वाळू देत. जाड एकच हात मारला की घडीवर तडकतोच. आणि बसायच्या जागेवर मारूच नका, दाराच्या पॅडपुरतंच ठीक.

प्रतिसाद ३

मी तीस वर्षं कुशनचं काम केलं, आता मुलगा बघतो. साहेब, तुम्ही रंगाच्या मागं लागलात, पण तुमच्याकडे जुना माल गाडीतच आहे. पुढच्या सीटच्या पाठीची मागची बाजू पाहिलीत का, जी मागं बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर येते? तो मोठा सलग पडदा असतो. त्यावर ऊन पडत नाही, कुणी बसत नाही. तो कुरतडलेला नसेल तर जपून उसवा आणि त्यातून ड्रायव्हरच्या दाराचं पॅड करा. जुनं रेक्झिन ताठर झालेलं असतं. तासभर उन्हात ठेवा, नरम झालं की मगच हार्डबोर्डवर ओढा, नाहीतर फाटेल. जुन्या टाक्यांची भोकं दुमडीत जातील असं बेता.

मग नवं रेक्झिन राहतं फक्त पुढच्या सीटला आणि त्या पडद्याला. पुढची सीट मागच्या सीटला कुठंच टेकत नाही, मध्ये हातभर अंतर आणि अंधार. डोळ्याला फरक कळतो तो कडेला कड लागली की. पॅड आणि पॅड शेजारी आले तर नक्की दिसतं, सीट आणि सीट दिसत नाही.

आणखी एक. रंगाआधी दाणा, म्हणजे वरची उठावदार नक्षी, आणि चकाकी बघा. जुन्याचा दाणा बारीक असेल आणि नवं मोठ्या दाण्याचं किंवा चकचकीत आणलंत, तर रंग शंभर टक्के जुळूनही ते वेगळंच दिसणार. मंद चकाकीचं घ्या. सगळं एकाच ताग्यातून कापून घ्या, शिवणीच्या कडेच्या गोल पट्टीसकट (पायपिंग). पुढच्या ताग्याचा रंग तोच येईल याची खात्री कुणी देत नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद ३ वाचून तसाच शेडमध्ये गेलो. पाठीचा पडदा शाबूत आहे! खालच्या कडेला उंदरांनी वीतभर खाल्लाय, पण पॅडच्या मापाचा कागद ठेवून पाहिला तर चार बोटं उरतात. रंगही चकतीखालच्या गोलाच्या अगदी जवळ, मागच्या सीटपेक्षा जरा गडद.

सकाळी ओट्यावर चार नमुने मांडून बसलो होतो, आईही होती. दुकानात जुळलेला तुकडा सगळ्यात आधी बाद झाला. एक मंद चकाकीचं, बारीक दाण्याचं रेक्झिन सावलीत मागच्या सीटपेक्षा थोडं गडद आणि मूळ पट्टीपेक्षा थोडं फिकं दिसतं, उन्हात आणि बल्बखालीही तसंच राहतं. आईनं त्यावरच बोट ठेवलं. पुढची सीट त्याचीच करतोय. मागच्या सीटला हात लावत नाही.

आता उरलं ते नव्या पॅडचं. ते गडद येणार आणि त्याच्यामागचं दार विटकरी. प्रतिसाद २ मध्ये सांगितल्याप्रमाणे उरलेल्या तीन पॅडांना धुऊन पातळ हात मारावा, की काही वर्षं ऊन खाऊ द्यावं? माझा कल न मारण्याकडे आहे, पण तुम्ही काय केलं असतंत? पडदा सोमवारी उसवणार आहे, त्याआधी कळलं तर बरं होईल.