मदत हवी आहे: हुर्राकाचा ‘हु’ आला कुठून?

नमस्कार मंडळी. मी डिचोलीच्या बाजूचा. गावच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी काजूच्या हंगामावर अर्धं पान लिहायचं अंगावर घेतलंय. बोंडू, ते तुडवायची जागा म्हणजे कोळंबी, त्यांचा रस म्हणजे नीरो, दारू गाळायची भाटी, सगळं लिहून झालं. अडलं ते हुर्राकापाशी, म्हणजे काजूच्या रसाच्या पहिल्या धारेच्या दारूपाशी.

मूळ शब्द अरबी ‘अरक’, म्हणजे घाम. वाफ थंड होऊन थेंब थेंब गळते, म्हणून ते नाव. पुढे तुर्कांनी पहिला स्वर गाळून राकी केली, बाल्कनात तिची राकिया झाली, मंगोल लोक दुधापासून आर्खी काढतात, बालीत आराक आहे. मराठीत हाच शब्द औषधाच्या बाटलीत शिरून सोज्वळ झाला: गुलाबाचा अर्क, बडीशेपेचा अर्क. (‘हे पोरगं म्हणजे अर्क आहे’ हा वापर मला सगळ्यात चपखल वाटतो.) गंमत केरळ-तमिळनाडूची. इंग्रजी पेपर तिथल्या दारूला अरॅक म्हणतात, तिथली माणसं मात्र चारायम, सारायम.

आता अडचण. ‘अ’चा ‘उ’ कसा झाला, आणि पुढे ‘ह’ कुठून चिकटला? आमचे एक मास्तर म्हणतात, शब्द थेट मुसलमानी अमदानीतून आला. मला पोर्तुगीज वाट पटते. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं, त्यात ‘ओर्राका’ आहे. पण ती माडाच्या सुरेपासून काढलेली! आज फेणी माडाचीही मिळते, हुर्राक म्हटलं की मात्र काजूच. मग नाव माडावरून काजूवर कधी उतरलं? वेंगुर्ला, दोडामार्गकडच्यांनी घरातल्या जुन्या माणसांना विचारून सांगाल का, माडाच्या दारूला त्यांच्या तोंडी हे नाव होतं का? जुन्या कागदांत कुणाला सापडलं असेल तर फारच उत्तम.

प्रतिसाद:
‘ह’साठी अरबस्तानात जायला नको, दादा. आपल्याकडे उंदराचा हुंदीर होतोच की! शिवाय नुसतं ‘उर्राक’ म्हणणारेही भरपूर आहेत. तेव्हा कागद चाळताना उर्राक, ओर्राक अशी रूपं धरून शोधा. ‘ह’ धरून बसलात तर हाती काही लागायचं नाही. ‘ओ’चा ‘उ’ व्हायला वेळ लागत नाही, त्यामुळे माझं मत तुमच्या बाजूने. माडाचं आमच्या आजीला विचारून कळवते.