गेमिंग हेडसेट: वायरवाला की वायरलेस? माझं मत वायरवाल्याला

खुर्चीबहाद्दर:
भाच्याने बारावीनंतर पीसी जोडून घेतला, आता हेडसेट हवाय. बजेट साडेतीन हजार. तो वायरलेसवर अडून बसलाय, मी वायरवाल्यावर. माझं म्हणणं सरळ आहे. वायरलेस घेतला की त्याच पैशात बॅटरी, रेडिओ आणि चार्जिंगचं सर्किटही येतं. मग आवाजाच्या ड्रायव्हरवर (कानातला छोटा स्पीकर) आणि माइकवर खर्चायला उरतं काय? शिवाय लिथियम बॅटरी चारपाचशे वेळा पूर्ण चार्ज झाली की दम सोडायला लागते आणि बहुतेक हेडसेटमध्ये ती सहज बदलता येत नाही. माझा वायरवाला सहा वर्षं चालतोय. कानाच्या गाद्या फक्त दोनदा बदलल्या.

रात्रपाळी:
सहा वर्षं? नशीबवान आहात. माझे दोन वायरवाले खुर्चीच्या चाकाखाली गेले. दुसऱ्याच्या वेळी तर मी पाणी प्यायला उठलो आणि हेडसेट डोक्यावरच! टेबलावरचा चहा कीबोर्डवर, आणि जॅकपाशी वायर अशी पिरगळली की नंतर फक्त डाव्या कानात आवाज. वायर एका विशिष्ट कोनात धरून खेळायचं. त्या दिवसापासून वायरचं नाव काढत नाही.

डावा_कान:
मी वायरच्या बाजूने. कारण एकच, ब्लूटूथ. मित्राने हौसेने ब्लूटूथ हेडफोन घेतला, गाणी झकास वाजायची. रात्री व्हॅलोरंट या गोळीबाराच्या गेमला बसलो, त्याने डिस्कॉर्डवर (खेळताना गप्पा मारायचं अॅप) माइक चालू केला आणि गेमचा आवाज एकदम पत्र्याच्या डब्यातून. आम्हाला त्याचं बोलणं एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखं. माइक चालू झाला की जुनं ब्लूटूथ फोन-कॉलच्या प्रकारात शिरतं, तिथे आवाज मोनो (दोन्ही कानांत एकच) आणि दर्जा घसरलेला. वर दीडशे-दोनशे मिलीसेकंदांचा उशीर. गोळी लागून मेल्यावर बंदुकीचा आवाज!

रात्रपाळी:
अहो, तुम्ही ब्लूटूथचा राग सगळ्या वायरलेसवर काढताय. गेमिंगचा वायरलेस म्हणजे सोबत डोंगल (यूएसबीत खुपसायचा छोटा रिसीव्हर) येतो तो, २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओवाला. त्याचा उशीर साधारण २०-३० मिलीसेकंद. हवेत आवाज १ मिलीसेकंदात जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे २० मिलीसेकंद म्हणजे स्पीकर सात मीटरवर ठेवून ऐकल्यासारखं. एवढ्याने कोणी हरत नाही. आपण हरतो ते नेम चुकल्यामुळे.

खुर्चीबहाद्दर:
सात मीटरवर पावलं वाजली तर मला वेळेवर ऐकू यायला हवीत ना राव! पिंग, म्हणजे नेटचा उशीर, वेगळाच असतो, त्यात ही भर कशाला? आणि २.४ गिगाहर्ट्झवर वायफाय आहे, मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात. आमच्या सोसायटीत तर भिंतीला भिंत, राउटरला राउटर.

पेंचकस:
घरोघरी जाऊन पीसी जोडतो म्हणून सांगतो, डोंगलचा आवाज खरखरतो तेव्हा वायफाय नेहमी दोषी नसतं. कॅबिनेटच्या मागे निळ्या यूएसबी ३ पोर्टशेजारी डोंगल खुपसतात आणि बाजूलाच हार्डडिस्कची वायर. यूएसबी ३ वर डेटा धावताना २.४ च्या आसपास गोंगाट होतो. एक साधी एक्स्टेंशन वायर लावून डोंगल टेबलावर आणा, बहुतेक वेळा खरखर गायब.
पण वायरवालेही धुतल्या तांदळाचे नाहीत. लॅपटॉप चार्जिंगला लावला की ३.५ एमएम जॅकमध्ये (हेडफोनचं गोल भोक) घूंऽऽ असा आवाज घुमतो, चार्जर काढला की बंद. तिथे यूएसबी वायरचा हेडसेट बरा पडतो. आणि जुन्या कॅबिनेटला माइक व हेडफोनची भोकं वेगवेगळी असतात, हेडसेटला मात्र एकच पिन. स्प्लिटर (एका पिनच्या दोन करणारी वायर) आणायला विसरलात तर माइक बंद म्हणून दुकानदाराशी भांडाल.

डावा_कान:
वायरलेस नीट चालावा म्हणून वायर लावायची. वा!

गरम_पोळी:
मी खेळत नाही, पण घरात दोघे खेळतात. मोठ्याचा वायरवाला आहे, धाकट्याचा वायरलेस. जेवायला हाक मारली की दोघांनाही ऐकू येत नाही, पण मोठ्याचा जॅक मी खेचू शकते. आमचं मत वायरला.

पेंचकस:
ताई, तुमचा मुद्दा कोणत्याच रिव्ह्यूत नाही.
पीएस ५ (प्लेस्टेशन, टीव्हीला जोडायचा गेमचा डबा) वाल्यांसाठीही एक. तो ब्लूटूथ हेडफोन थेट जोडून घेतच नाही. डोंगलवाला घ्या, नाहीतर कंट्रोलरच्या खालच्या ३.५ भोकात वायर लावा.

खुर्चीबहाद्दर:
एवढं मान्य, डोंगलवाला आणि ब्लूटूथवाला यांत मी सरमिसळ करत होतो. तरी साडेतीन हजारांत मी वायरच घेईन. सात-आठ हजार असते तर डोंगलवाला बघितला असता, तोही ३.५ चं भोक असलेला, म्हणजे बॅटरी संपली तरी खेळ थांबत नाही.

रात्रपाळी:
घ्या वायर. खुर्चीची चाकं तेवढी काढून ठेवा.

खुर्चीबहाद्दर:
भाच्याला हा सगळा धागा वाचून दाखवला. त्याचा एकच प्रश्न, "मामा, वायरवाल्यात लाइट लागतात का?"