स्किझोफ्रेनिया उत्क्रांतीत ‘टिकला’ की ‘उरला’?

प्रश्न : स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराच्या उत्क्रांतीवर मराठीत लेख लिहिते आहे. ‘फिटनेस’ला तंदुरुस्ती म्हणावं की योग्यता? ‘हा आजार का टिकला’ हे शीर्षक चालेल? आणि ‘आनुवंशिकता ८० टक्के’ असं थेट लिहू का?

उत्तर १ : तंदुरुस्ती तर नकोच, योग्यताही नको. इथे फिटनेस म्हणजे पुढच्या पिढीत किती अपत्यं जातात, एवढंच. ‘प्रजननसाफल्य’ लिहा. योग्यता म्हटलं की रुग्ण आपोआप ‘अयोग्य’ ठरतो. जर्मनीत १९३३ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला, त्यातल्या आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया होता. तेव्हा हा शब्द जपूनच वापरायला हवा. शिवाय प्रजननसाफल्य मोजता येतं. स्वीडनमधल्या नोंदींवर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या आजाराच्या पुरुषांना इतरांच्या ०.२३ पट, तर स्त्रियांना ०.४७ पट मुलं होती. एवढी घट असून आजार का संपत नाही, हे खरं कोडं.

उत्तर २ : शीर्षकातला ‘टिकला’ बदला. लोणचं टिकतं ते त्यात मीठ-तेल असतं म्हणून. टिकण्यामागे काही गुण असणार असं मराठी वाचक धरूनच चालतो. मग तो आजाराचा फायदा शोधू लागतो. १९६४ मध्ये ज्युलियन हक्सली, अर्न्स्ट मायर वगैरे शास्त्रज्ञांनी असा छुपा फायदा सुचवला होताच. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराला ‘टिकला’ शोभतं: एकच बदललेलं जनुक, त्याची एक प्रत मलेरियापासून वाचवते, म्हणून तो गडचिरोली-नंदुरबारकडेही आढळतो. नैसर्गिक निवडीचा हा प्रकार म्हणजे ‘संतुलनकारी निवड’.

स्किझोफ्रेनियात तसं दिसत नाही. २०२२ पर्यंत त्याच्याशी निगडित २८७ जनुकीय ठिकाणं सापडली. बहुतेकांचा परिणाम अगदी किरकोळ, त्यामुळे निवडीला ती धड दिसत नाहीत. छुपा फायदा असता तर रुग्णांच्या निरोगी भावंडांना जास्त मुलं हवी होती. त्याच स्वीडिश अभ्यासात भावांचा आकडा ०.९७, बहिणींचा १.०२. एवढ्याने तूट भरून निघत नाही. दुसरीकडे, मोठा परिणाम करणारे दुर्मीळ बदल नव्याने होत राहतात. २२व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळतो, तेव्हा साधारण चारातल्या एकाला पुढे हा आजार होतो. आणि ही गळती बहुतेक वेळा आईवडिलांत नसते, मुलातच पहिल्यांदा घडते. निवड असे बदल काढून टाकते, उत्परिवर्तन (जनुकांत नव्याने होणारा बदल) भर घालतं. म्हणून ‘उरला’ म्हणा, किंवा ‘होत राहतो’.

या दुसऱ्या प्रक्रियेला ‘उत्परिवर्तन-निवड समतोल’ म्हणा. ‘संतुलनकारी निवड’शी गल्लत झाली की अर्थ पार उलटतो: तिथे जनुक फायद्यामुळे राहतं, इथे तोटा असूनही.

उत्तर ३ : वारशाने गुण येणं ही आनुवंशिकता, ८० टक्के हा ‘आनुवंशिकतांक’. समाजातल्या माणसामाणसांतल्या फरकाचा किती वाटा जनुकीय फरकांतून येतो, ते तो सांगतो. नुसतं ‘८० टक्के’ छापलंत तर रुग्णाच्या घरचे वाचतील, ‘पाचातल्या चार मुलांना होणार’. आईवडिलांपैकी एकाला आजार असेल, तर मुलाला होण्याची शक्यता साधारण १० टक्के असते. हे वाक्य त्याच परिच्छेदात द्या, तळटीपेत नको.