टंचाई आणि महागाईची बेगमी : ठाणे-नवी मुंबईकरांनो, तुमच्या घरी काय टिकतं?

आपल्या आज्यांच्या काळी एप्रिल-मे आला की वर्षाचं धान्य भरलं जायचं. आता अर्धा किलो साखरसुद्धा आपण फोनवरून मागवतो. उद्या भाव चढले किंवा पंधरा दिवस माल आलाच नाही, तर काय? लहान फ्लॅट आणि खाडीची दमट हवा गृहीत धरून लिहा. काय भरावं याच्या याद्या पुष्कळ मिळतात. तुमच्याकडे काय टिकलं, ते हवं आहे.

सानपाडेकरीण

एपीएमसी आमच्या हाकेच्या अंतरावर. अख्ख्या मुंबईचा कांदा, धान्य, मसाला जिथून जातो तिथे राहून कसली टंचाई, असं सासूबाई सोडून घरात सगळ्यांना वाटायचं. मे २०२० मध्ये करोनामुळे बाजार आठवडाभर बंद ठेवला आणि दारात गोदामं असून शटर खाली! भाजी नव्हती, पण सासूबाईंच्या डब्यांत मूग, मटकी, चवळी, कुळीथ होते. रोज काहीतरी मोड आलेलं ताटात.

त्यांचा नेम मी तसाच ठेवलाय : अख्खं ते भरायचं, दळलेलं नाही. पावसाळ्यात कणकेला महिन्याच्या आत वास येतो. एरंडेल चोळलेला गहू पत्र्याच्या कोठीत वर्ष काढतो. हळकुंडं, धणे, मिरच्याही अख्ख्याच. तूरडाळीलाही एरंडेलाचा हात. रवा-पोहे लागतील तेवढेच, शेंगदाणेही, कारण ते खवट होतात. तांदूळ जुना घ्यायचा आणि त्याला ऊन द्यायचं नाही, दाणा तडकतो. त्यात वाळवलेला कडुनिंबाचा पाला आणि सुक्या मिरच्या. पारा टिकड्यांवर माझा विश्वास नाही, त्या खाण्याच्या डब्यात नकोतच.

आणि हे सगळं मे महिन्यातच. पहिल्या पावसानंतर भरलेल्या धान्यात सोंडे झाले तर धान्याला बोल लावू नका.

जांभळीनाका

कांद्याबद्दल लिहितो, कारण लोक नेमका चुकीचा कांदा साठवतात. लाल खरीप कांदा टिकत नाही. साठवायचा तो उन्हाळी, गरवा. एप्रिल-मेमध्ये सुकलेल्या मानेचा बघून घ्या. गोणीतून काढून जाळीच्या क्रेटमध्ये, वारा लागेल असा, बटाट्यापासून लांब ठेवा आणि अधूनमधून निवडा. आमच्याकडे गणपतीपर्यंत सहज जातो. भाव बहुतेक त्यानंतर चढतात, कारण साठवलेला उन्हाळी संपत आलेला असतो आणि पावसाने नवा लांबलेला. डिसेंबर २०१९ मध्ये शंभरी ओलांडली ती अशीच.

टोमॅटो साठवायच्या भानगडीत पडू नका. जुलै २०२३ मध्ये तो दीडशेच्या वर गेला, आमची आमटी आमसुलावर मजेत चालली.

दिवाळेगाववाली

आमच्याकडची टंचाई सरकारी तारखेने येते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. म्हणून मेमध्येच सुके बोंबील, जवला, सुकट आणून पुन्हा कडक ऊन दाखवायचं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचं. जवला आधी भाजून ठेवला की जास्त टिकतो. भाजताना सोसायटीतून फोन येतात, त्याला इलाज नाही.

दिव्याचा भाडेकरू

वाचून बरं वाटलं, पण एकरकमी भरायला हातात पैसा लागतो आणि ठेवायला माळा. आम्ही अकरा महिन्यांनी खोली बदलतो, कोठी कुठे नेणार? आमची बेगमी म्हणजे रेशनकार्ड चालू असणं. प्राधान्य गटात माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, ते आता मोफत आहे, आणि पोर्टेबिलिटीमुळे गावचं कार्ड इथल्या दुकानातही चालतं. फक्त घरातल्या प्रत्येकाचं ई-केवायसी करून घ्या. दुसरी गोष्ट, कोपऱ्यावरच्या वाण्याशी संबंध ठेवा. लॉकडाऊनमध्ये त्यानेच वहीवर माल दिला, अ‍ॅप कुणाला उधार देतं?

घोडबंदर_रोड

तेलाचं कुणीच लिहिलं नाही. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि सूर्यफुलाचा डबा महागला. एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली. तेल फार साठवूनही चालत नाही. आम्ही एक डबा वापरात, एक बंद ठेवतो आणि महाग झालं की वड्या तळण्याऐवजी नुसत्या उकडतो.

अजून एक : बातमी ऐकून पळू नका. जुलै २०२३ मध्ये केंद्राने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा अमेरिकेतल्या देशी दुकानांत झुंबड उडाली. आमच्या ग्रुपवरही "पोती भरा" सुरू झालं. अहो, निर्यात थांबवली म्हणजे माल इथेच राहणार ना?

सानपाडेकरीण

अगदी. हंगाम बघून भरावं, बातमी बघून नाही.

कळवा_पूर्व

एक शंका. गहू भरला, पण गिरणी बंद असेल तर? घरघंटीलाही वीज लागतेच.

सानपाडेकरीण

म्हणून गव्हापेक्षा तांदूळ जास्त ठेवतो, त्याला गिरणी लागत नाही. आणि कुकरची एक जादा रिंग घेऊन ठेवा, ती नेमकी दुकानं बंद असताना सैल होते.