जुना स्मृतिफलक एकतर्फी निघाला तर काढावा, की शेजारी दुसरा लावावा?

पारावरचा
फलकावरचा मजकूर आज खोटा किंवा एकतर्फी ठरला की तो उखडायची मागणी होते. मला ती पटत नाही. फलक दोन काळांबद्दल सांगत असतो : घटनेचा काळ आणि तो लावणाऱ्यांचा काळ. दुसरा आपण वाचतच नाही.

अमेरिकेत लुइझियाना राज्यातलं कोलफॅक्स घ्या. १३ एप्रिल १८७३ ला तिथल्या कोर्टाच्या इमारतीत जमलेल्या कृष्णवर्णीयांवर सशस्त्र गोऱ्यांनी हल्ला केला. कितीतरी जणांना शरण आल्यावर मारलं. १९५० साली सरकारने तिथे फलक लावला. त्यावर या प्रकाराला 'दंगल' म्हटलं होतं, ३ गोरे आणि १५० कृष्णवर्णीय मेले असा आकडा होता, आणि दक्षिणेतला उपऱ्यांचा (म्हणजे यादवी युद्धानंतर उत्तरेतून आलेल्यांचा) गैरकारभार इथे संपला अशी भलामणही होती. २०२१ मध्ये तो काढला. माझ्या मते तो राहायला हवा होता. पाऊणशे वर्षांनंतरही सरकार मारेकऱ्यांच्याच बाजूने बोलत होतं, याचा तो जागेवरचा पुरावा होता. शेजारी मोठ्या अक्षरांत दुसरा फलक लावायचा, खरं काय घडलं आणि जुना फलक कोणी, कधी लावला ते त्यावर लिहायचं.

रानवाट
पूर्ण असहमत. पुरावा असेल तर संग्रहालयात ठेवा, तिथे कोणी आडवं येणार नाही. सरकारी फलक रस्त्यावर उभा असतो तेव्हा ते सरकारचं आजचं म्हणणं असतं. मारल्या गेलेल्यांची पणतवंडं त्याच रस्त्याने जातात, त्यांना तुम्ही काय सांगणार? थांबा, शेजारचाही वाचा?

आणि 'शेजारी दुसरा लावू' हे म्हणायला सोपं आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात नेमकं हेच ठरलं होतं. एडवर्ड कोल्स्टन गुलामांच्या व्यापारातल्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा मोठा पदाधिकारी. १८९५ च्या त्याच्या पुतळ्याखाली मात्र शहराचा अत्यंत सदाचारी आणि सुज्ञ सुपुत्र असा गौरव. २०१८ मध्ये दुसऱ्या फलकाचा मसुदा झाला. मग शब्दाशब्दावर घासाघीस. मजकूर इतका मवाळ झाला की २०१९ मध्ये महापौरांनीच तो नाकारला. फलक लागलाच नाही आणि ७ जून २०२० ला लोकांनी पुतळा ओढून बंदरात टाकला.

शिळाप्रेस
मजकूर कमीत कमी ठेवला तर हे वाद होणारच नाहीत. लंडनचे निळे फलक पाहा. १८६७ मध्ये कवी बायरनच्या घरापासून ही प्रथा सुरू झाली. नाव, जन्ममृत्यूची सालं, एका ओळीत ओळख, 'इथे राहत होते', संपलं. हाउली प्लेसवर लोकमान्य टिळकांचा फलक आहे, देशभक्त आणि तत्त्वज्ञ, मुक्काम १९१८-१९. कोणाची तक्रार आहे?

पारावरचा
@शिळाप्रेस, तक्रार नाही, कारण सांगितलंच काही नाही. टिळक त्या वर्षी लंडनला का होते? ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलने त्यांना भारतीय असंतोषाचे जनक म्हटलं, त्याच्यावरचा अब्रुनुकसानीचा खटला लढवायला. तोही मंडालेची सहा वर्षं भोगून आल्यावर, ज्यांनी तुरुंगात टाकलं त्यांच्याच राजधानीत. ते खटला हरले. त्या घराची खरी गोष्ट ही आहे आणि ती फलकावर नाही. आखूड मजकूरही बाजू घेतोच, गप्प राहून घेतो.

@रानवाट, ब्रिस्टलचा दाखला वजनदार आहे. पण तिथे अडलं कुठे? कोल्स्टनची परंपरा जपणाऱ्या व्यापारी मंडळालाही मजकुरात हात घालू दिला तिथे. दुसऱ्या फलकाची कल्पना त्यामुळे बाद होत नाही. तो लिहायचं काम इतिहासकारांवर सोपवा.

नदीकाठ
तुमची सगळी चर्चा मजकुराभोवती फिरते आहे. मजकूर चोख असला म्हणून भागतं का? अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात १९५५ मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा गोऱ्यांनी खून केला. त्याचं प्रेत नदीतून जिथे काढलं असं मानतात, तिथल्या फलकावर एक अक्षर खोटं नव्हतं. तरी पहिला चोरला, पुढचे गोळ्या घालून चाळणी केले. २०१९ मध्ये चौथा लावला तो गोळी न भेदणारा, सव्वादोनशे किलोंच्या वर वजनाचा. गोळ्या झाडणाऱ्यांचं भांडण वाक्यांशी नव्हतं. इथे या मुलाची आठवण उभी राहते, हेच त्यांना नको होतं. म्हणून माझा कल रानवाट यांच्याकडे आहे. जागा कोणाच्या नावाने उभी आहे हे लांबूनच कळतं, बारीक अक्षरं नंतर येतात.

पारावरचा
पण चाळणी झालेल्या त्या फलकांतला एक वॉशिंग्टनच्या संग्रहालयात लोकांसमोर ठेवला गेला. भोकांसकट. तो पाहिल्यावर २०१९ चा फलक एवढा जाड का, हे वेगळं सांगावं लागत नाही. कोलफॅक्सचा जुना फलक काढला तेव्हा तिथे येणाऱ्याच्या हातून हेच निसटलं.

रानवाट
तुम्हीच संग्रहालय म्हणालात, मी पहिल्यापासून तेच म्हणते आहे. कोलफॅक्सचं पुढचंही सांगते. हल्लेखोरांपैकी एकाच्या आणि मृतांपैकी एकाच्या वंशजांनी मिळून तिथे स्मारक उभं केलं. १३ एप्रिल २०२३ ला, बरोबर दीडशे वर्षांनी, ते खुलं झालं. मारल्या गेलेल्यांपैकी ज्यांची नावं सापडली ती त्यावर कोरली आहेत. १९५० च्या फलकावर त्यांतलं एकही नव्हतं, नुसता १५० चा आकडा होता. त्या नावांशेजारी तो जुना फलक पुन्हा उभा करा, असं त्या दोन घरांना सांगायची माझी तयारी नाही. तुमची आहे का?